हँडबुक हाताशी ठेवताना: यांत्रिक, विद्युत आणि बांधकामाच्या संदर्भपुस्तकांची निवड, तपासणी आणि वापर

एम१०चा, म्हणजे १० मिमी व्यासाच्या बोल्टचा, टॅप मारायचा आहे (भोकात आतून आटे पाडायचे आहेत), भोक कितीचं पाडायचं? मुरलेला फिटर मान वर न करता सांगतो, "साडेआठ." बरोबर आहे. आता त्यालाच विचारा, एम१०च पण बारीक आट्यांचा, पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १.२५, मग? तो थबकतो. थबकायलाच हवं. हँडबुक असतं ते या थबकण्यासाठी. रोजचे आकडे हाताला आपोआप पाठ होतात. पुस्तक लागतं ते वर्षातून दोनदा गरज पडणाऱ्या आणि चुकला तर काम पुन्हा करायला लावणाऱ्या आकड्यासाठी. (उत्तर ८.८. व्यासातून पिच वजा केला की ८.७५ येतात, आणि बाजारात मिळणारा ड्रिल ८.८चा असतो.)

मी बरीच वर्षं देखभाल खात्यात काढली. चुकीच्या पुस्तकामुळे बिघडलेली कामं मी थोडीच पाहिली. बरोबर पुस्तक उघडून चुकीची ओळ वाचल्यामुळे बिघडलेली मात्र पुष्कळ. म्हणून या लेखात पुस्तकांच्या यादीपेक्षा पुस्तक कसं हाताळायचं यावर जास्त भर आहे.

आधी पुस्तकाची जात ओळखा

दुकानात किंवा ग्रंथालयात एकाच फळीवर चार वेगळ्या जातीची पुस्तकं शेजारी शेजारी बसलेली असतात. पाठ्यपुस्तक 'का' ते सांगतं. हँडबुक 'किती' ते सांगतं. नियमावली किंवा मानक 'किमान इतकं हवंच' असं बजावतं. आणि उत्पादकाचा कॅटलॉग फक्त त्याच्या मालापुरतं बोलतो, पण त्या मालाबद्दल त्याच्याइतकं खात्रीचं दुसरं कोणी बोलत नाही.

दोन ठिकाणी दोन आकडे सापडले की कोणाचं ऐकायचं, हा प्रश्न रोजचा आहे. माझा क्रम असा: तुमच्या भागात लागू असलेली नियमावली सगळ्यात वर. तिच्या चौकटीत राहून त्या विशिष्ट वस्तूचा कॅटलॉग. मग हँडबुक. आणि शेवटी आपली आठवण. प्रत्यक्षात बहुतेक जण हा क्रम उलटा लावतात, कारण आठवण खिशात असते आणि नियमावली कपाटात.

या जातींचं वयही वेगवेगळ्या वेगाने वाढतं. यंत्रशाळेत जे 'मशिनरीज हँडबुक' पिढ्यान्‌पिढ्या वापरलं जातं ते पहिल्यांदा १९१४ साली निघालं आणि अजून त्याच्या नव्या आवृत्त्या येतात. पण त्यातली त्रिकोणमिती तेव्हाची आजही चालते. उलट अमेरिकेची विद्युत नियमावली १८९७पासून आहे आणि दर तीन वर्षांनी बदलते. ब्रिटनचे वायरिंगचे नियम त्याहून जुने, १८८२चे, आणि आज ते बीएस ७६७१ या मानकाच्या रूपात आहेत. म्हणजे हँडबुक जुनं चालेल का, हा प्रश्न पुस्तकापुरता नसतो, प्रकरणापुरता असतो.

घेण्याआधी दहा मिनिटांची परीक्षा

मुखपृष्ठ सोडा, आतलं माहितीचं पान उघडा. आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. 'चौदावं पुनर्मुद्रण, गेल्या वर्षीचं' असं छापलेलं असेल आणि आवृत्ती वीस वर्षांपूर्वीची असेल, तर तुम्ही वीस वर्षांपूर्वीचं पुस्तक नव्या कागदावर विकत घेत आहात. मला हे एकदा घरी आल्यावर कळलं.

मग पुस्तकाला असे प्रश्न विचारा, ज्यांची उत्तरं तुम्हाला आधीच माहीत आहेत. माझे तीन ठरलेले आहेत. एम८ला टॅप ड्रिल किती? ६.८ यायला हवं. १२ मिमी सळईचं मीटरला वजन? ०.८८८ किंवा ०.८९ किलो. तांब्याची रोधकता, म्हणजे प्रवाहाला अडवण्याचा गुण? २० अंश सेल्सिअसला एक मीटर लांब, एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तारेला ०.०१७२४ ओहम. या तिसऱ्या प्रश्नात आकड्यापेक्षा 'तापमान लिहिलंय का' हे बघायचं. तापमानाशिवाय रोधकता छापणारं पुस्तक बाकीच्या तक्त्यांतही असाच आळस करत असणार.

पुढे मागची सूची. एकच वस्तू दोन नावांनी शोधा: 'अर्थिंग' आणि 'भूसंपर्कन', 'आटे' आणि 'थ्रेड'. दोन्हीकडून एकाच पानावर पोचलात तर सूची कामाच्या माणसाने केलेली आहे. पायऱ्यांवर उभं राहून, एका हातात टॉर्च धरून अर्ध्या मिनिटात सापडलं पाहिजे. नाहीतर पुस्तक कितीही विद्वान असो, ते कपाटातच राहणार.

छपाईकडेही बघा. दशांशचिन्ह ठळक आहे का? तक्त्याच्या रेषा आडव्या डोळ्याने पकडता येतात का? दर पाच ओळींनंतर थोडी मोकळी जागा सोडलेली असली तर ओळ चुकत नाही. बांधणी अशी हवी की पुस्तक टेबलावर उघडं ठेवलं की उघडंच राहील. प्रकाशकाने शुद्धिपत्र काढलं असेल तर ते मिळवून दुरुस्त्या पेन्सिलीने त्या त्या पानावर उतरवून घ्या. शुद्धिपत्राचा सुटा कागद पुस्तकात ठेवला तर पहिल्याच महिन्यात हरवतो.

तक्ता वाचण्याची पद्धत: एक केबल, तीन आकडे

हा या लेखाचा गाभा आहे, म्हणून सावकाश जाऊ.

समजा २३० व्होल्टच्या सिंगल फेज जोडणीवर १६ अँपिअरचा लोड आहे आणि बोर्डापासून अंतर ४० मीटर. हाताशी २.५ चौ. मिमीची तांब्याची, पीव्हीसी आवरणाची वायर आहे. पुरेल का?

आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६०३६४च्या तक्त्यात या वायरीसमोर एक आकडा नाही, एक रांगच आहे. उष्णतारोधक भिंतीच्या आत कंड्युटमध्ये (वायर ओवायच्या नळीत) असेल तर १९.५ अँपिअर. भिंतीवर बसवलेल्या कंड्युटमध्ये २४. केबल सरळ भिंतीला क्लिपने लावली असेल तर २७. वायर तीच, उष्णता बाहेर पडायला वाट किती मिळते त्यावर आकडा बदलतो. घाईतला माणूस सगळ्यात मोठा आकडा वाचतो आणि '२७ची वायर आहे, १६ला काय होतंय' म्हणून मोकळा होतो.

आपली वायर भिंतीवरच्या कंड्युटमध्ये आहे, म्हणून २४ घेऊ. आता तळटीप. हे आकडे भोवतालची हवा ३० अंश सेल्सिअस धरून काढलेले आहेत. जिथे वायर जाते तिथे ४० अंश असतील तर गुणक ०.८७. हा गुणक आकाशातून पडलेला नाही, तुम्हीच तपासू शकता. पीव्हीसी ७० अंशांपर्यंत सहन करते. ३०च्या हवेत तिला तापायला ४० अंशांची मुभा होती, ४०च्या हवेत ३०चीच उरली. उष्णता प्रवाहाच्या वर्गावर चालते, म्हणून ३० भागिले ४० याचं वर्गमूळ: ०.८७. पुस्तकातला गुणक असा एकदा स्वतः काढून पाहिला की तो पुढे विसरत नाही.

दुसरी तळटीप: तक्ता एकाच सर्किटसाठी आहे. त्याच कंड्युटमधून तीन सर्किट जात असतील तर गुणक ०.७०. आता गुणाकार करा: २४ × ०.८७ × ०.७० = १४.६ अँपिअर. चोवीसची वायर सोळाला अपुरी ठरली. कोणीही खोटं बोललेलं नाही. तक्त्याने सगळं सांगितलं होतं, फक्त बारीक अक्षरात.

हिशेब इथे संपत नाही. विद्युत दाबातली (व्होल्टेजमधली) घट बघायची राहिली. वायर पूर्ण तापलेली असताना, ७० अंशांना, तांब्याची रोधकता ०.०२०६च्या आसपास जाते. जाण्या-येण्याचा रस्ता धरून २ × ४० मीटर × १६ अँपिअर × ०.०२०६ भागिले २.५ केलं की साडेदहा व्होल्ट येतात, म्हणजे ४.६ टक्के. अनेक नियमावल्यांत दिव्यांच्या सर्किटसाठी ३ टक्के आणि इतर वापरासाठी ५ टक्के अशी मर्यादा दिसते. म्हणजे इतर वापरासाठी जेमतेम पास, दिव्यांसाठी नापास.

एक पायरी वर चढून ४ चौ. मिमी घेतली तर तक्त्यात ३२, गुणक लावून १९.५ अँपिअर, घट ६.६ व्होल्ट, २.९ टक्के. दोन्ही अंगांनी बसली. (संरक्षणाचा ब्रेकर या १९.५च्या आतला हवा, हा पुढचा हिशेब. तो त्याच पुस्तकात पुढच्या प्रकरणात असतो.)

यातून पद्धत निघते ती अशी. तक्ता उघडला की बोट आधी शीर्षकावर, मग स्तंभाच्या डोक्यावरच्या एककावर, मग तळटिपेवर आणि शेवटी आकड्यावर. आकडा सापडला की शेजारच्या चौकटीतला आकडाही बघा. तो फार वेगळा असेल तर आपण ज्या गोष्टीमुळे या स्तंभात आलो तिची पुन्हा खात्री करून घ्या.

बोल्टच्या टॉर्कच्या, म्हणजे आवळण्याच्या पिळाच्या, तक्त्यालाही हेच लागू. तो कोरड्या आट्यांसाठी आहे की तेल लावलेल्या? टॉर्कच्या सूत्रातला, घर्षण धरून ठरवलेला गुणक कोरड्याला साधारण ०.२ आणि तेलकटाला ०.१५ धरतात. कोरड्याचा टॉर्क तेल लावलेल्या बोल्टला दिला तर ताण सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. पाना 'टक' वाजतो, माणूस समाधानाने पुढच्या बोल्टकडे जातो, आणि हा बोल्ट लांबलेला असतो.

नाव एक, मापं दोन

हँडबुक कुठल्या देशातलं आहे हे पाहायचं ते अभिमानासाठी नव्हे, मापांसाठी. 'चौदा गेजची तार' (गेज म्हणजे जाडीचा क्रमांक) ब्रिटिश गेजने २.०३ मिमी भरते आणि अमेरिकन गेजने १.६३. छेदाचं क्षेत्रफळ काढलं तर एक दुसरीच्या दीडपटीहून मोठी. पत्र्याचा गेज आणखी तिसराच. जुन्या लोकांच्या तोंडी नुसतं 'गेज' असतं, म्हणून ऐकल्यावर व्हर्निअर (बारीक माप घेण्याची पट्टी) लावा आणि मिमीत लिहून ठेवा.

अर्ध्या इंची बोल्टचं तर दुखणंच आहे. ब्रिटिश व्हिटवर्थ पद्धतीच्या आट्यांमध्ये इंचाला १२ आटे आणि कोन ५५ अंश. अमेरिकन जाड आट्यांमध्ये १३ आटे, कोन ६०. पाव इंच, तीन अष्टमांश, पाऊण इंच या मापांना दोन्हीकडे आट्यांची संख्या सारखी आहे, त्यामुळे माणूस गाफील राहतो. अर्ध्या इंचाला नट एक-दोन फेरे गोडीने जातो आणि मग अडतो. आमच्याकडे एका पंपाच्या बैठकीवर असा अडलेला नट एका उत्साही मुलाने पान्याला पाइप लावून 'बसवला'. स्टड कापून काढताना शनिवारची सगळी दुपार गेली. ज्या हँडबुकात दोन्ही तक्ते समोरासमोरच्या पानांवर होते ते तेव्हा दहा पावलांवर होतं.

पाइपांत याच्या उलट फसवणूक. अर्ध्या आणि पाऊण इंची पाइपला ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही आट्यांत इंचाला १४च. कोन मात्र पुन्हा ५५ आणि ६०. जोड बसतो, घट्टही होतो, आणि दाब दिला की पाझरतो. मग टेपचे वेढे वाढत जातात. 'अर्धा इंच' पाइपचं बाहेरचं माप २१.३ मिमी असतं, तेव्हा त्या नावावरून मोजपट्टी लावायला जाऊ नका. ते फक्त नाव आहे.

गॅलन ३.७८५ लिटरचा की ४.५४६चा, टन हजार किलोचा की १०१६चा की ९०७चा, हॉर्सपॉवर ७४६ वॅटचा की ७३५.५चा, हे पुस्तकाच्या पहिल्या कोऱ्या पानावर लिहून टाका: 'या पुस्तकातला गॅलन म्हणजे...'

बांधकामाचे ठोकताळे आणि त्यांच्या पोटातलं गणित

गवंडी आणि पर्यवेक्षक यांच्या पॉकेटबुकात ठोकताळे जास्त. ठोकताळा वाईट नसतो, पण तो कुठून आला ते माहीत नसेल तर कुठे थांबायचं तेही कळत नाही. सळईचं मीटरचं वजन म्हणजे व्यासाचा वर्ग भागिले १६२. हा १६२ म्हणजे पोलादाची घनता, घनमीटरला ७८५० किलो, आणि वर्तुळाचं क्षेत्रफळ यांची घडी घालून केलेली पुडी. म्हणून हा हिशेब पितळेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या सळईला लागू नाही.

१:२:४ (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीटचंही तसंच. एक घनमीटर ओल्या काँक्रीटला कोरडा माल सुमारे १.५४ घनमीटर लागतो, कारण खडीच्या फटीत वाळू आणि वाळूच्या फटीत सिमेंट जाऊन बसतं. त्याचा सातवा भाग सिमेंट, म्हणजे ०.२२ घनमीटर, घनता १४४० धरली तर ३१७ किलो, ५० किलोची सुमारे ६.३ पोती. हे गणित वाळू कोरडी धरून आहे. दमट वाळू फुगते, साधारण पाव भागाने, बारीक असेल तर त्याहूनही जास्त. घमेल्याने मोजून टाकणाऱ्याने ही तळटीप वाचली नाही तर मिश्रणात वाळू कमी पडते. आणि पाणी किती, हे घमेल्यावर सोडूच नये. १९१८मध्ये अमेरिकन संशोधक डफ एब्रम्स यांनी पाणी आणि सिमेंटच्या गुणोत्तरावर काँक्रीटची ताकद ठरते हे मांडलं. मिश्रणाचं प्रमाण देऊन पाण्याबद्दल गप्प बसणारा तक्ता अर्धाच समजा. शिवाय भार पेलणाऱ्या कामाला ठोकताळ्याचं मिश्रण नको. तिथे डिझाइन करून दिलेलंच वापरायचं.

जुनी पुस्तकं

जुन्या हँडबुकांचा मला लोभ आहे. त्यांच्यातल्या आकृत्या हाताने काढलेल्या, समजावण्याची पद्धत कामावर उभ्या असलेल्या माणसाची. ३-४-५ने काटकोन काढणं, कमानीचा साचा आखणं, पुलीच्या पट्ट्याची लांबी, याला वय नाही. पण काही प्रकरणांवर मी लाल पेन्सिलीने सरळ फुली मारतो.

पहिलं वायरींच्या रंगांचं. ब्रिटनमध्ये २००४पासून रंग बदलले. जुन्या ब्रिटिश पुस्तकात काळी वायर म्हणजे न्यूट्रल. नव्या पद्धतीत थ्री फेजमधली एक फेज काळी. अमेरिकेत काळी म्हणजे जिवंतच. तीन पुस्तकं, एक रंग. रंग पाहून हात लावायचाच नाही, टेस्टर लावून मग.

दुसरं, ॲस्बेस्टॉस आणि शिसं. जुनी बांधकामाची पुस्तकं ॲस्बेस्टॉसची तारीफ करताना थकत नाहीत, आणि पिण्याच्या पाण्याच्या नळांना शिशाचा डाख द्यायला सांगतात. ती पानं आता एवढ्यासाठीच वाचायची की पाडकाम करताना जुन्या भिंतीत काय सापडू शकेल याचा अंदाज यावा.

तिसरं, कापण्याचा वेग. हायस्पीड स्टीलचं (तापलं तरी धार टिकवणाऱ्या पोलादाचं) हत्यार १९००च्या पॅरिस प्रदर्शनात लोकांनी पहिल्यांदा पाहिलं. त्याआधीचे तक्ते साध्या कार्बन स्टीलचे, नंतरचे हायस्पीडचे, त्यानंतर कार्बाइडचे. आज हायस्पीड ड्रिलने मऊ पोलादाला मिनिटाला २५ मीटर धरले तर १० मिमी ड्रिलचे फेरे ८००च्या आसपास येतात. जुन्या तक्त्यात फारच कमी आकडा दिसला तर पुस्तक चुकलेलं नसतं. त्याच्या हातातलं हत्यार वेगळं असतं.

स्वतःची वही

कुठलंही हँडबुक तुमच्या कामासाठी लिहिलेलं नसतं. म्हणून खिशात मावेल अशी, कडक पुठ्ठ्याची वही करा. पेनापेक्षा पेन्सिल बरी. तेल आणि पाणी लागलं तरी पुसट होत नाही. प्रत्येक आकड्यासमोर कुठून घेतला ते लिहायचं: पुस्तक, आवृत्ती, पान, तारीख. आणि अट. 'एम१२, ८.८ (बोल्टच्या ताकदीचा दर्जा), कोरडे आटे' असं पूर्ण. नुसता टॉर्क लिहिलात तर सहा महिन्यांनी तुम्हालाच तो परका वाटेल.

वहीच्या मागच्या बाजूने उलटी सुरुवात करून 'ऐकीव' असं एक प्रकरण ठेवा. उस्तादांनी सांगितलेलं, चहाच्या वेळी कळलेलं, सगळं तिथे. उदाहरणार्थ, थ्री फेज मोटरला किलोवॅटमागे दोन अँपिअर. पुस्तकात पडताळलं की पुढच्या बाजूला उतरवायचं. हे उतरलं, ४०० व्होल्टच्या आसपास आणि नेहमीच्या मोटरला ते जमतं. जे पडताळलं जात नाही ते मागेच राहू द्या.

फोनमधल्या प्रतींबद्दल एवढंच: स्कॅन केलेल्या पुस्तकातला मजकूर शोधता येतो म्हणून तो कॉपी करू नका, पानाचं चित्र बघा. मजकूर ओळखताना यंत्राकडून दशांशचिन्ह गळतं, घातांक खाली उतरतो, ८चा ३ होतो. मूळ पान दिसत असेल तर हरकत नाही.

आणि नवी आवृत्ती आली म्हणून जुनी रद्दीत टाकू नका. तुम्ही दुरुस्त करणार असलेली इमारत, मोटर, पॅनेल जुन्या आवृत्तीच्या काळातले असतात, आणि तेव्हा कोणी काय धरून काम केलं ते त्या पुस्तकातच सापडतं. फक्त तिच्या कण्यावर रंगाची पट्टी चिकटवा आणि मुखपृष्ठावर जाड अक्षरात लिहा: 'जुनं काम ओळखण्यासाठी. नवीन कामाला नाही.' आमच्या कपाटात अशा लाल पट्टीची सात पुस्तकं आहेत, आणि नव्या मुलांना मी कपाट उघडून आधी तीच दाखवतो.